डाव्या बाजूचे गोल

त्या हिवाळ्यात आमची टीम पहिल्या तीन मॅच हरली, आणि आमच्या पालम गावच्या बाजूनं ओरडायला आम्ही तिघंच उरलो. पहिल्या मॅचला परभणीला निघालो तेव्हा आमच्याच माणसांनी अर्धी एसटी भरली होती. तिसऱ्या मॅचला ताडकळसला जाताना मास्तरांनी सवयीनं खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून सहा जागा धरल्या. त्यातल्या तीन जागांवर बाजाराला निघालेल्या बायका बसल्या आणि मास्तरांनी त्यांना उठवलं नाही.

मी टेलर आहे. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. फुटबॉलला मी कधी नीट लाथही मारलेली नाही. फार वर्षांपूर्वी इथल्या शाळेचे खेळाचे सर जर्सीवर नंबर शिवून घ्यायला आले होते. शिवून झाल्यावर म्हणाले, लांबून नंबर वाचता येतात का ते मैदानावर येऊन बघा. मी बघायला गेलो आणि तेव्हापासून जातच राहिलो. सर बदली होऊन गेले, पण त्यांनी उभी केलेली टीम राहिली. जिल्ह्यातल्या गावांच्या टीम हिवाळ्यातल्या रविवारी एकमेकांशी खेळतात. आमच्या टीममध्ये कापसाच्या जिनिंगवरचे मजूर आहेत, गवंडी आहेत, मोटारसायकलचे मेकॅनिक आहेत, शाळेतला एक क्लार्क आहे. तोच कॅप्टन.

मास्तर म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. त्यांची बायको वारल्यावर त्यांनी स्वयंपाक शिकून घेतला, पोथी वाचून बघितली, शेजाऱ्यांची भांडणं मिटवून बघितली; पण आठवड्यात वाट बघावी असा त्यांना एकच दिवस सापडला, तो रविवार. टीमच्या सगळ्या मॅचचे निकाल त्यांना पाठ होते, आणि त्यातले जिंकलेलेच ते सांगायचे.

तिसरे मामा. माझे नात्यानं कोणी नाहीत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मेंढरं राखणारा माणूस. आमचं मैदान पूर्वी गायरान होतं आणि त्यांची मेंढरं तिथं चरायची. मॅच सुरू झाली की मेंढरं बाजूला काढून ते काठीवर हनुवटी टेकून बघत उभे राहायचे. ऑफसाइड काय असतं ते त्यांना अजून कळत नाही. पण कोण दमलाय, कोणाचा गुडघा दुखायला लागलाय, कोण घाबरलाय, हे त्यांना आमच्या आधी दिसायचं. मॅचच्या दिवशी मेंढरं ते भावाच्या स्वाधीन करायचे, डोक्याला धुतलेला पटका बांधायचे आणि मैदानाच्या कडेला उभे राहून असं ओरडायचे की दुसऱ्या गावची माणसं हसायला लागायची.

आणि कीपर. तीस-एकतीसचा पोरगा, उंच, हाताची बोटं लांब. वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. खिडक्यांचे गज, गेट, ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामं करायचा. सात वर्षं आमच्या गोलमध्ये तोच उभा होता. आदल्या वर्षी शेवटच्या मॅचला त्यानं दोन्ही मुठींनी एक बॉल असा उडवला होता की मास्तर कडेला बसून रडले होते. त्या एका बॉलवर आम्ही वरच्या गटात टिकलो.

आता जे सांगायचं आहे ते दिवाळीनंतरच्या आठवड्यातलं आहे.

सीझन सुरू व्हायच्या आधी कीपर दुकानात आला. त्याला पँटच्या बाजूंना आतून फोम लावून हवा होता. आमच्या मैदानावर मुरूम आहे, उडी मारली की कंबर सोलून निघते. माप घ्यायला मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो आणि टेप खांद्यावर टाकायला हात वर नेला. माझा हात त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याची पापणी हलली नाही. टेपचं पितळी टोक गालाला लागलं तेव्हा तो दचकला.

"काका, तुमी इकडं कवा आलात?"

मी मघापासून तिथंच होतो.

मग माझं लक्ष त्याच्या शर्टाकडं गेलं. कॉलरची डावी बाजू झिजून धागे निघाले होते, उजवी बाजू नव्यासारखी होती. मान सतत डावीकडं वळवून ठेवली की दाढीचे खुंट कॉलरला घासतात आणि कॉलर अशी जाते. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. माझ्या वडलांच्या सदऱ्याच्या कॉलरी मी कितीतरी वर्षं उलटवून शिवल्या. त्यांना काचबिंदू होता. आधी त्यांना बाजूचं दिसेना, मग ते सगळं डोकं वळवून बघायला लागले, आणि शेवटी मशीनवर बसून नुसत्या बोटांनी कापड चाचपायचे. त्यामुळं त्या दिवशी दुकानात मी काय बघतो आहे ते मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

"डोळ्याला काही होतंय का रे?" मी विचारलं.

तो हसला. "वेल्डिंगच्या उजेडानं चुरचुरतेत. सगळ्याच वेल्डरचे चुरचुरतेत." त्यानं खिशातून एक छोटी बाटली काढली, मान मागं टाकली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. "हे टाकलं की लगेच थंड वाटतं. मेडिकलवाल्यानं दिलंय. वर्ष झालं, टाकायलोय."

"डाव्या बाजूचं दिसतं का तुला?"

बाटलीचं झाकण लावायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"थोडं कमी दिसायलंय."

"डॉक्टरला दाखव."

"सीझन संपू द्या काका. आत्ता दाखवलं आन त्यानं खेळू नको म्हणलं तर? दिवसभर काळ्या काचंतून ठिणग्या बघतो मी. रविवारी तेवढा मोकळा उजेड बघायला मिळतो." मग जवळ येऊन म्हणाला, "कोणाला सांगू नका. मास्तरला तर अजिबात न्हाई. त्यांना झोप लागायची न्हाई."

मी सांगणार नाही म्हणालो. त्याचं मन मोडवेना म्हणून तसं म्हणालो, असं मी नंतर लोकांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. आमच्याकडं दुसरा कीपर नव्हता. मलाही तो गोलमध्ये हवा होता.

परभणीच्या मॅचला आमच्यावर तीन गोल झाले. दुसरी मॅच आमच्याच मैदानावर होती, तीही हरलो. दोन्ही वेळा मी गोलच्या मागं जाऊन उभा राहिलो. मला बॉलपेक्षा त्याची मान दिसत होती. बॉल डाव्या कडेनं यायला लागला की तो आधी मान फिरवायचा, मग पाय हलवायचा. तेवढ्यात बॉल आत गेलेला असायचा. दोनदा त्यानं अगदी मोकळ्या जागेत झेप घेतली आणि बॉल त्याच्या कोपराला घासून गेला. कडेला उभे असलेले लोक हसले. मामा मोठ्यानं ओरडले, "आंधळा झाला का रे!"

मी तिथून निघून दुसऱ्या गोलच्या मागं गेलो.

ताडकळसला आमच्यावर चार गोल झाले. मॅच संपल्यावर गाडीला वेळ होता म्हणून आम्ही तिघं रस्त्याकडेच्या हॉटेलात चहाला बसलो. बाजार उठत होता. मामांनी चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत.

"मास्तर, तुमाला सगळं पाठ असतंय," ते म्हणाले. "सांगा बरं, ह्या तीन मॅचमधी उजवीकून एक तरी गोल झाला का?"

"झाला असंल की."

"न्हाई झाला. एकबी न्हाई. सगळे डावीकून. दुसऱ्या गावच्या पोरायला कळायलंय, ती तिकूनच यायलेत. आपल्याला कळंना."

"फॉर्म जातो माणसाचा," मास्तर म्हणाले. "येतो परत."

"त्याला बाहेर बसवा दोन मॅच."

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. "सात वर्सं त्यानं गोल राखला. तीन मॅच हारलो की काढून टाकायचं? मंग आपण कशाला यायलाव इथवर? जिंकल्यावर सगळं गाव येतंय. हारायलेत तवा येतो त्याला इमान म्हणतेत."

"यायला मी कुठं न्हाई म्हणलो? तिन्ही मॅचला आलोय. पण आलो म्हंजी तोंड शिवून बसायचं का? माझं इमान टीमशी हाय, त्याच्या हातमोज्याशी न्हाई."

"तुमी मैदानात त्याला शिव्या देता. त्यानं पोराची उमेद जाती."

"अन् तुमच्या उमेदीनं काय व्हायलंय?" मामांचा आवाज चढला, तसं शेजारच्या बाकावरच्या माणसानं मान वर केली. मामांनी आवाज खाली आणला. "कळपातली एखादी मेंढी मागं राहायला लागली, की मी आधी तिचे खूर बघतो. मारत न्हाई, सोडूनबी देत न्हाई. पण उचलून बघतो. तुमी बघतच न्हाईत मास्तर. नुसतं म्हणता, येईल, येईल. कामून मागं राहायली ते बघायला नको?"

"माणूस म्हंजी मेंढी न्हाई."

"म्हणूनच म्हणलो, बघा म्हणून. मेंढीला तर सांगताबी येत न्हाई."

तेवढ्यात कॅप्टन आत आला. त्याच्या नाकावर, केसांत धूळ होती. तो उभ्यानंच म्हणाला, "पुढच्या मॅचला कीपर बदलावा का, असं दोघं-तिघं म्हणायलेत. दुसरा तयार न्हाई, पण उभा करता येईल कोणाला तरी. तुमी इतकी वर्षं बघताय. तुमचं काय म्हणणं?"

"बदल," मामा म्हणाले.

"बदलू नको," मास्तर म्हणाले.

मग तिघांनी माझ्याकडं बघितलं. मामा म्हणाले, "टेलर, तुमी आज सकाळपासून गप. बोला की."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर कॉलर होती, टेपचं टोक होतं, माझे वडील होते. बाहेर कीपर टबातल्या पाण्यानं तोंड धुत होता, आणि तोंड धुऊन झाल्यावर खिशातून बाटली काढत होता. मी म्हणालो, "मास्तर बरोबर बोलायलेत. आणखी दोन मॅच देऊन बघा."

कॅप्टननं मान हलवली आणि गेला. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि आदल्या वर्षीचा तो दोन मुठींचा बॉल परत एकदा पहिल्यापासून सांगितला. मी ऐकून घेतला.

चौथी मॅच आमच्या मैदानावर होती. पहिला अर्धा तास गोल झाला नाही, आणि मास्तरांचा चेहरा उजळला. "बगा, आला का न्हाई फॉर्म?" ते म्हणाले. समोरच्या टीमला डाव्या बाजूनं कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला. आमचा डावा बॅक, जिनिंगवर काम करणारा, तो बॉल डोक्यानं बाहेर काढायला मागं मागं येत होता. त्याची पाठ गोलकडं होती, म्हणून त्याला कीपर दिसणं शक्य नव्हतं. कीपरला तो दिसायला पाहिजे होता. कीपर पूर्ण जोरानं पुढं धावला आणि बॅकच्या पायावर आडवा पडला.

आवाज आम्हाला कडेपर्यंत ऐकू आला.

बॅक उठला नाही. त्याची नडगी मध्येच वळली होती. कीपर गुडघ्यांवर बसून सगळीकडं बघत होता, उजवीकडं, वर, मागं; आणि बॅक त्याच्या डाव्या हाताला हातभर अंतरावर पडून ओरडत होता. कोणी तरी कीपरला ढकललं. कोणी तरी म्हणालं, आपल्याच माणसाला मारलं. मामा मैदानात धावत गेले. ते बॅककडं जातील असं मला वाटलं, पण ते वाटेत थांबले आणि कीपरच्या डाव्या कानाशी हात नेऊन बोटं हलवली. कीपरनं बघितलं नाही. मामांनी हात खाली घेतला.

बॅकला टेंपोत घालून आधी गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथून त्याला परभणीला न्यायला सांगितलं. गाडीची वाट बघत आम्ही दवाखान्याच्या पायरीवर उभे होतो. बॅकची आई शेतातून तशीच आली होती, हातांना कापसाचे धागे चिकटलेले. नुसती दाराशी उभी होती.

मी मामांना बाजूला घेतलं आणि कीपरच्या डोळ्याचं सांगितलं.

"कवापासून माहीत हाय तुमाला?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

ते ओरडतील म्हणून मी वाट बघितली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले, पटका काढून मांडीवर ठेवला.

"मी त्याला आंधळा म्हणलो," ते म्हणाले. "भर मैदानात. लोक हासले. तुमी तिथंच हुतात."

"हो."

"तुमी मला तेवढं तरी सांगायचं होतं. माझं तोंड तरी बंद राह्यलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वेल्डिंगच्या दुकानात गेले आणि मालकाला सांगून कीपरला घेऊन आले. तो येत नव्हता. मामांनी त्याचा दंड धरला होता आणि नांदेडच्या गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. मीही गेलो. मला कोणी चल म्हणालं नव्हतं, नको असंही म्हणालं नव्हतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं असतं. आत बारीक दिवे लागतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. दार अर्धवट उघडं होतं आणि आम्हाला बटणाचा आवाज ऐकू येत होता. उजव्या डोळ्याच्या वेळी टक, टक, मग मोठी शांतता, मग टक. डाव्या डोळ्याच्या वेळी मी आवाजाची वाट बघत राहिलो. मामांनी मला विचारलं, "चालू हाय ना मशीन?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर दोन गोल काढले आणि पेननं काळे करायला लागल्या. डावा जवळजवळ सगळा काळा केला. उजव्याच्या कडा काळ्या केल्या. मग त्यांनी थेंबांची बाटली मागून घेतली, नाव वाचलं आणि ती परत दिली नाही. आपल्या खणात टाकली. हे औषध थोडे दिवस, डॉक्टरला विचारूनच घालायचं असतं, त्या म्हणाल्या. त्यानं चुरचुर थांबते, पण वर्षभर घातलं तर काहींच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि आतली नस मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

"परत येईल का?" कीपरनं विचारलं.

"गेलेलं येत नाही. राहिलेलं राखायचं."

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "दोन महिने आधी आलो असतो तर?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्याचा बाप आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या जरा हळू बोलल्या. "उजवा बराच वाचला असता. डाव्याचंही थोडं राहिलं असतं. रोज घालतच होते ना ते."

परतीच्या गाडीत कीपर डावीकडच्या खिडकीशी बसला. सगळा रस्ता त्यानं मान वळवली नाही. मामा त्याच्या शेजारी बसले होते. वाटेत कुठं तरी त्यांनी हरभऱ्याचा ढाळा विकत घेतला आणि एकेक घाटा सोलून त्याच्या हातात देत राहिले. मी मागच्या सीटवर होतो.

मास्तरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी जळायला लागली तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

"ताडकळसला हॉटेलात तुमी काय म्हणलात, आठवतंय का?" त्यांनी विचारलं.

"आठवतंय."

"मी म्हातारा माणूस, बायको गेलेला. उमेद धरून बसलो होतो, ते खोटं न्हाई. पण मला माहीत नव्हतं. तुमाला माहीत होतं, आन तरीबी तुमी माझ्या बाजूनं बोललात. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्यासारखा हाय." त्यांनी पिठाचे हात धुतले. "मला येडं केलंत तुमी. त्या पोराच्या डोळ्यात मीबी थेंब टाकल्यासारखं झालं हे. चार मॅच, येईल, येईल म्हणत बसलो."

मी काही तरी बोलायला गेलो.

"आता जा," ते म्हणाले. "राग न्हाई. पण जा."

त्यानंतर मास्तर मैदानावर आले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी पाणी दिलं, तब्येत विचारली आणि टीमचं नाव काढलं नाही.

राहिलेल्या मॅचना मी आणि मामा गेलो. टीमनं एका गवंड्याला गोलमध्ये उभं केलं होतं. तो जीव तोडून खेळायचा, पण बॉल हातात आला की काय करायचं ते त्याला सुचायचं नाही. आम्ही हरतच राहिलो. फक्त झरीला एकही गोल झाला नाही, ना त्यांचा ना आमचा. मॅच संपल्यावर आमची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्या सीझनमध्ये टीम पहिल्यांदाच हसत बाहेर आली. मी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "वाजवीन की. हात वर येईनात." सगळं ओरडणंच त्यांनी सोडलं होतं. दुसऱ्या गावची माणसं विचारायची, आवाज बसला का? ते मान हलवून हो म्हणायचे.

वरच्या गटातून आम्ही खाली आलो.

बॅकच्या पायात सळई घातली. तो चालतो, पण पाय किंचित आत वळतो. जिनिंगवर गाठोडी उचलायचं काम त्याला जमत नाही, म्हणून गेटवर बसवलं आहे. कीपर दर आठवड्याला त्याच्या घरी जायचा. सुरुवातीला बॅकची आई त्याला आत घ्यायची नाही. तो ओट्यावर बसायचा आणि तासाभरानं उठून जायचा. दोघं काय बोलायचे, की बोलायचेच नाहीत, मला माहीत नाही. मामांनी एकदा सांगितलं की आता ती त्याला आत बोलवते.

वेल्डिंग सुटलं. डॉक्टरीणबाईंनीच बंद करायला सांगितलं होतं. कीपर आता स्टँडसमोरच्या खतांच्या दुकानात पोती मोजून देतो. त्याची बायको सकाळ-संध्याकाळ नव्या औषधाचे थेंब स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यात टाकते. त्याच्या हातात बाटली देत नाही. उजव्या डोळ्यात जे राहिलं आहे ते आतापर्यंत तरी टिकलं आहे.

उन्हाळ्यात एकदा तो दुकानात आला. पँटची उंची कमी करायची होती. मी मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. खाली बसून मी पँटला खडूची खूण करत होतो, तेव्हा तो माझ्या डोक्यावरून बोलला.

"काका, तुमी तवाच कोणाला सांगितलं असतं, तर मी जलमभर तुमच्याशी बोललो नसतो."

"माहीत आहे."

"तसं झालं असतं तर बरं झालं असतं."

मी वर बघितलं नाही. खडूची रेघ वाकडी गेली होती. ती पुसून मी दुसरी मारली. पँट तयार झाल्यावर तो घेऊन गेला. तो अजूनही माझ्याकडंच कपडे टाकतो. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. टीमविषयी तो मला विचारत नाही, आणि मी सांगत नाही.

ह्या वर्षी परत सीझन सुरू झाला. खालच्या गटातही आम्ही पहिल्या दोन मॅच हरलो. नवा कीपर आणला आहे, लोह्याकडचा कोणी तरी, इथं सासरवाडी आहे त्याची. मामा आणि मी जातो. मामा काठीवर हनुवटी टेकून बघतात. मध्येच एखाद्या पोराला जवळ बोलावून विचारतात, पाय दुखायलाय का, डोकं दुखायलंय का, खरं सांग. पोरं हसतात. मामा हसत नाहीत. कोणी लंगडलं की ते सरळ कॅप्टनकडं जातात आणि सांगतात. त्यावरून भांडणंही झाली आहेत. एका पोराच्या बापानं त्यांना मैदानातून हाकललं होतं. दुसऱ्या रविवारी ते परत आले.

गेल्या आठवड्यात मास्तर मला स्टँडवर भेटले. बहिणीच्या गावाला निघाले होते, पायाशी पिशवी होती. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. बराच वेळ आम्ही दोघं येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलो.

"नवा कीपर कसा हाय?" त्यांनी एकदम विचारलं.

"बरा आहे," मी म्हणालो. तोंडून आधी तेच आलं. मग मी म्हणालो, "नाही, बरा नाही मास्तर. उंच बॉलला घाबरतो. दोन मॅचमध्ये पाच गोल खाल्ले."

त्यांनी मान डोलावली. "मंग हारणारच ह्या वर्षी."

"बहुतेक."

"जाता का तरी?"

"जातो."

त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. त्यांची गाडी लागली. लोक दाराशी धक्काबुक्की करत होते. मास्तर एका बाजूला उभे राहिले, गर्दी चढून गेल्यावर चढले, आणि मागं कुठं तरी उभेच राहिले. कंडक्टरनं दार ओढून घेतलं. रविवारी आम्ही परत हरलो.